छप्पन्न आजारांची पडदेवाली

पडदे शिवायचा धंदा लोकांना सोपा वाटतो. वाटू दे. ज्यांना सोपा वाटतो त्यांच्या घरचे पडदे बघून ये एकदा. खिडकी मापायची म्हणजे नुसती काच मापायची नसते, दांडी कुठवर जाणार तिथवर मापायचं. रुंदीच्या दुप्पट कापड घ्यायचं, नाहीतर चुण्या पडत नाहीत आणि पडदा दोरीवर वाळत घातलेल्या चादरीसारखा दिसतो. खालची पट्टी चार बोटं दुमडायची, कारण कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी भांडायला येतं. पडदेवाली हे सगळं एकटीनं शिकली होती आणि कोणी विचारो न विचारो, सांगायची.

तिचं एक तत्त्व होतं. एकरंगी कापडावर डाग पडला तर तो लांबून हाका मारतो. तोच डाग फुलाफुलांच्या कापडावर पडू दे, शोधणाऱ्याच्या सात पिढ्यांना सापडणार नाही. ज्या घरात लहान पोरं, कुत्रं किंवा पिणारा नवरा असेल तिथं ती डोळे झाकून फुलाफुलांचं कापड काढायची.

हेच तत्त्व तिनं फोनला लावलं आणि घोळ झाला.

तर, तिला एचआयव्ही होता. बरीच वर्षं. कुठून आला, कसा आला, हे विचारायची ज्यांना खाज सुटली असेल त्यांनी आधी शेजारच्या मधुमेहवाल्याला विचारावं की बाबा, साखर कोणाकडून आणलीस, आणि मग इकडे यावं. ती सरकारी औषधकेंद्रातून गोळ्या आणायची आणि रोज जेवणानंतर एक घ्यायची. गोळ्या पडद्याच्या हुकांच्या डब्यात असायच्या. मुलाला आणि सुनेला ठाऊक होतं की त्या हाडांच्या आहेत. रक्तातला विषाणू इतका कमी झाला होता की तपासणीत सापडतही नव्हता. केंद्रात सल्ला द्यायला एक बाई बसायच्या, त्यांना सगळे ताई म्हणत. त्या रिपोर्ट बघून म्हणायच्या, "तुमचं रक्त माझ्या डोक्यापेक्षा शांत आहे हो."

ताई भेटायच्या औषधाच्या तारखेला. प्रश्न मात्र तारीख बघून पडत नाहीत. म्हणून फोन. सुरुवातीला फोननं तिला चांगलंच गंडवलं होतं. पांढरा डगला घातलेला एक जण डोंगरापुढे उभा राहून सांगत होता की हा आजार मुळासकट उपटतो. तिनं त्याची भुकटी मागवली आणि गोळ्यांच्या जोडीनं खाल्लीही. चव खडूची. ताईंनी असं झापलं की पुन्हा नाव नाही. तेव्हापासून तिनं एक शिस्त लावून घेतली. पान उघडलं की वाचायचं नाही, आधी सरळ तळाला जायचं. हा माणूस काय विकतोय? काही विकत नसेल तर वर यायचं आणि मग वाचायचं. असं करत करत ती बरंच शिकली. कुठल्या गोळीबरोबर काय खाऊ नये, डोस चुकला तर काय करायचं, सगळं.

पण फोन चुगलखोर निघाला. तिनं नुसतं 'ए' लिहिलं की तो पुढचं आपणहून पूर्ण करायचा. आता हा फोन मुलानं घेऊन दिलेला, कधीमधी सूनही हातात घ्यायची. शोधलेलं पुसता येतं हे तिला माहीत होतं. पण तिचा पुसण्यावर विश्वास नव्हता. भिंतीवरून जुना पडदा काढला की तिथं उजळ चौकोन दिसतो आणि पाहुणा नेमकं तेच विचारतो, इथं काय होतं? तेव्हा पुसायचं नाही, भरायचं.

तिनं फोनवर फुलं भरली. एक खरा प्रश्न विचारला की त्याच्याभोवती वाटेल ते विचारून ठेवायची. शेळ्यांचे खूर का कुजतात. टक्कल पडण्याची कारणं. प्रोस्टेट वाढल्याची लक्षणं. कुत्रा चावल्यावर पाण्याची भीती कधी वाटू लागते. उंटाला सर्दी होते का. गजकर्ण, मूळव्याध, खलाशांच्या हिरड्या. मशीनवर पाय चालू आणि शेजारी फोनवर साऱ्या जगाचा दवाखाना उघडा. आपल्या हुशारीवर ती इतकी खूश होती की कधी कधी खरा प्रश्न विचारायचाच राहून जायचा.

खरा प्रश्न अलीकडे एकच असायचा. सुनेला दिवस गेले होते. एचआयव्ही असलेल्या आजीनं बाळाला घेतलं तर चालतं का?

उत्तर तिला पाठ होतं. चालतं. हातात घेतल्यानं, मुका घेतल्यानं, न्हाऊमाखू घातल्यानं काही होत नाही. तिला हवं होतं ते वेगळंच. कुठल्यातरी घरात हे सगळ्यांना कळलंय आणि तरी आजीला बाळ दिलंय, असं एखादं घर. ते काही सापडेना. सल्ले देणारे पैशाला पासरी, एकमेकांची अक्कल काढणारे त्याहून जास्त, पण "आमच्याकडे असं झालं" म्हणणारं कोणी नाही. म्हणून ती रोज पुन्हा विचारायची. आणि रोज पुन्हा फुलं भरायची.

आता तिला जे ठाऊक नव्हतं ते सांगतो. मुलानं फोन चालू करताना स्वतःचंच खातं टाकलं होतं. तेच खातं बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर होतं. पडदेवाली आत जे शोधायची, त्याचे व्हिडिओ टीव्ही बाहेर मांडून बसायचा.

आधी मुलाला दिसलं, "प्रोस्टेट वाढलीय? ही पाच लक्षणं पाहा." त्याच्या खालीच "टक्कल लपवू नका". त्यानं आरशात डोकं पाहिलं आणि बायकोकडे पाहिलं. बायकोला दिसल्या शेळ्या. एक नाही, टीव्हीभर शेळ्या, खूर वर करून.

"तुम्ही नोकरी सोडताय का?" तिनं रडवेल्या आवाजात विचारलं.

"मी? का?"

"शेळ्या घेणार असाल तर आधी सांगा. या दिवसांत मला असे धक्के सोसत नाहीत."

"शेळ्या तू बघतेस! आणि माझ्या केसांबद्दल काही म्हणायचं असेल तर तोंडावर म्हण."

"तुमच्या केसांबद्दल म्हणायला ते राहिलेत कुठं?"

आतल्या खोलीत मशीन चालू होती. पडदेवालीला नवरा-बायकोच्या भांडणात पडायची सवय नव्हती, म्हणून तिनं पाय आणखी जोरात चालवला.

छडा लावला तो विहीणबाईंनी. सुनेची आई बाळंतपणाला आली ती दोन पेट्या आणि जंतुनाशकाचा डबा घेऊन. निवृत्त झालेली शाळेतली पर्यवेक्षिका, परीक्षेत कॉपी पकडण्यात उभी हयात गेलेली. तिनं दोन दिवस टीव्ही पाहिला, घरातल्या माणसांकडे पाहिलं आणि जावयाला बाजूला घेतलं.

"जावईबापू, हे तुमच्या आईंचं आहे. त्या फोन घेऊन बसल्या की टीव्हीवर नवीन आजार येतो. मी ताडून पाहिलंय."

"आईला इतके आजार?"

"इतके नसतील. पण रेबीज नक्की. आग असल्याशिवाय कोणी पाण्याची भीती शोधतं का?"

"आणि यात हे एचआयव्हीचंही दिसतंय."

"ते जाऊ द्या, ते चुकून दाबलं गेलं असेल. उंटही आहेच की त्यात." विहीणबाईंनी हातानंच उडवून लावलं. "रेबीजची साधी चाचणी असते. पाणी समोर धरायचं."

पडदेवाली तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या महागड्या रेशमी कापडाच्या चुण्या धरत होती. अशा वेळी टाचण्या ओठांत धरायची तिची रीत. विहीणबाई काठोकाठ भरलेला पेला घेऊन आत आल्या, जावई दाराआड.

"घ्या विहीणबाई, पाणी घ्या."

पडदेवालीनं मान हलवली. तोंडात टाचण्या, बोलणार कशी?

"घोटभर तरी."

पेला पुढे आला. पाणी डुचमळलं आणि थेट रेशमावर उडायला निघालं. पडदेवालीचे डोळे विस्फारले. तिनं दोन्ही हात आडवे घातले आणि टाचण्यांच्या फटीतून जेवढा आवाज काढता येईल तेवढा काढला, "ऊं! ऊंऽऽ!"

विहीणबाई पेल्यासकट बाहेर.

"गुरगुरल्या!" त्यांनी जावयाचा दंड धरला. "ऐकलंत ना? आता बाळ आलं की यांना जवळ फिरकू द्यायचं नाही!"

बाळ आलं. मुलगी, तांबूस, मुठी आवळलेली, जणू जन्मताच कोणाशी तरी हिशेब चुकता करायचाय. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा पडदेवाली दारात उभी होती. नवं लुगडं नेसलेली, नखं कापलेली, बोटांवर सुईची एक खरखर राहू नये म्हणून तेल चोळलेलं. विहीणबाई बाळ घेऊन तिला वळसा घालून गेल्या, रस्त्यातल्या खड्ड्याला घालतात तसा.

"जरा दमानं," मुलगा नजर चुकवत म्हणाला. "आधी तुझी तपासणी करू. सगळी. पॅकेज असतं."

"कसली तपासणी?"

"सगळ्याची."

तिला पहिल्यांदा वाटलं ते जुनंच भय, की यांना कळलं. पण मुलगा ज्या नजरेनं बघत होता त्यात किळस नव्हती, घृणा नव्हती. चावेल की काय कळत नाही अशा जनावराकडे माणूस बघतो तसं काहीतरी होतं. ते तिला उलगडेना.

पॅकेज त्यानं सवलतीत, स्वतःच्या खात्यावरून घेतलं. म्हणजे लॅबच्या लेखी तपासणीला येणारा माणूस पुरुष. एचआयव्हीची चाचणी असल्या पॅकेजात नसते, ती वेगळी सांगून करायची असते. त्यामुळे रक्त, लघवी, सोनोग्राफी, सगळं होऊन रिपोर्ट मुलाच्या फोनवर आला. साखर ठीक. यकृत ठीक. मूत्रपिंड ठीक. आणि तळाशी, "प्रोस्टेट ग्रंथी दिसून आली नाही. तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा."

मुलगा पांढराफटक पडला. "आई, तुझी प्रोस्टेट सापडत नाहीये."

"कुठं ठेवली होती?"

"अहो, ती बायकांना नसते!" सून आतून ओरडली. तिच्या आवाजानं बाळ उठलं, बाळाच्या आवाजानं शेजारी उठले.

"प्रोस्टेटचं जाऊ द्या," विहीणबाई म्हणाल्या. "बाकी सगळं ठीक आलंय, हीच तर संशयाची गोष्ट. मी वाचलंय, रेबीज रक्तात दिसत नाही."

हा फोनचा खास न्याय आहे. आजार दिसला तर आहे, नाही दिसला तर लपून बसलाय. माणसानं निर्दोष सुटायचं तरी कसं?

आणि मग विहीणबाईंनी कळस केला. बाळंतिणीच्या खोलीला दार होतं, पण ते दिवसभर बंद ठेवलं तर कोंडतं. म्हणून त्यांनी दारात पडदा लावला. कपाटातून हाताला लागला तो. पडदेवालीनं नातवंडासाठी म्हणून महिनाभर आधी शिवलेला, पिवळा, आतून मऊ अस्तर लावलेला. लावला तोही उलटा. चुण्या खाली, पट्टी वर.

पडदेवाली बाहेरून आली आणि थांबली. बाळापासून लांब ठेवलं ते तिनं गिळलं होतं. पेला समोर धरला तेही. पण आपल्याच हातचा पडदा, आपल्यालाच अडवायला, आणि तो उलटा! तिच्या डोक्याची शीर तडतडली.

"हे कोणी लावलं?"

"मी," विहीणबाई. "जवळ येऊ नका."

"का? काय झालंय मला?"

मग सगळं बाहेर आलं. टीव्ही, शेळ्या, उंट, हिरड्या, पेला, गुरगुरणं. मुलगा एकेक सांगत होता आणि पडदेवाली ऐकत होती. तिला कळून चुकलं, डाग कोणाला दिसलाच नव्हता. फुलंच चावत होती.

गप्प राहिली असती तर चार महिन्यांत रेबीजची अफवा आपोआप मेली असती. माणूस जिवंत दिसतोय म्हटल्यावर विहीणबाईंनाही मानावं लागलं असतं. पण चार महिन्यांत बाळ मान धरायला लागतं, हसायला लागतं, माणसं ओळखायला लागतं. तेवढा वेळ तिच्याकडे नव्हता.

"मला रेबीज नाही," ती म्हणाली. "खूर नाहीत, प्रोस्टेट नाही, गजकर्ण नाही. मला फक्त एचआयव्ही आहे! वर्षानुवर्षं आहे, गोळ्या चालू आहेत, विषाणू तपासणीत सापडत नाही. आणि तो पडदा उलटा आहे!"

"एवढंच?" विहीणबाईंच्या तोंडून निघून गेलं.

मुलगा मटकन खाली बसला. "म्हणजे रेबीज नाही?"

"नाही रे बाबा."

"सुटलो," तो म्हणाला. मग आईनं काय सांगितलं ते त्याच्यापर्यंत पोचलं आणि तो पुन्हा उभा राहिला. उभं राहून काय करायचं ते कळेना, म्हणून पुन्हा बसला. "कधी सांगणार होतीस?"

"तू शेळ्या घेतल्यावर."

विहीणबाई तोवर भानावर आल्या होत्या. त्यांनी चष्मा चढवला आणि फोन काढला. "थांबा, मी बघते. हे बघा, इथं लिहिलंय, मुळासकट बरा होतो. फक्त फोन करा."

"तळाला जा," पडदेवाली म्हणाली.

"कुठल्या तळाला?"

"पानाच्या. काय विकतोय ते बघा."

विहीणबाईंचं बोट सरकत गेलं. "काढा. तीन बाटल्यांवर एक फुकट."

"मग बंद करा. मी ती खडूची भुकटी खाऊन बसलेय, मला शिकवू नका."

पडदा हलला. सून बाळाला छातीशी धरून बाहेर आली. केस विस्कटलेले, डोळे लाल. पडदेवालीनं आपोआप एक पाऊल मागे घेतलं.

"त्या हाडांच्या गोळ्या," सून म्हणाली. "त्याच का?"

"त्याच."

"पाठ दुखत होती तेव्हा मी मागितली होती एक. तुम्ही डबा हिसकावून घेतलात. मी आईला फोन करून सांगितलं, सासू एका गोळीचीही कंजुषी करते. सगळ्या मैत्रिणींना सांगितलं!"

"मग काय, देऊ तुला?"

"सांगायचं होतंत!" सुनेला रडू फुटलं. "इतके महिने मी मनात शिव्या घालतेय तुम्हाला. आजाराचा राग नाही मला. म्हणजे भीती आहे, खोटं कशाला बोलू. पण मला फोनवर काही वाचायचं नाही. फोन म्हणतो तुम्ही उंट आहात. मला तुमच्या त्या केंद्रातल्या बाईंना विचारायचंय. तोवर बाळ माझ्याकडे."

"बरं," पडदेवाली म्हणाली. ते 'बरं' तिला किती जड गेलं ते तिचं तिला माहीत. तिनं स्टूल ओढलं, वर चढली आणि पडदा काढून सुलटा लावला. बाकी काही हातात नव्हतं.

सकाळी सगळं लटांबर केंद्रात गेलं. बाकावर माणसं बसलेली, भिंतीवर पंखा घरघरतोय, आणि ताईंच्या टेबलापुढे हे पाच जण, त्यातलं एक दुपट्यात. ताईंनी सगळी हकीकत ऐकली. रेबीजपाशी त्यांना पाणी प्यावं लागलं.

"विचारा," त्या सुनेला म्हणाल्या.

"यांनी बाळाला घेतलं तर?"

"घेऊ द्या."

"मुका घेतला तर?"

"घेऊ द्या. गाल सोलवटेपर्यंत नको."

"या शिवतात. बोटाला सुई टोचली, रक्त आलं आणि तशाच बाळाकडे आल्या तर?"

ताई खुर्चीत पुढे सरकल्या. हा प्रश्न त्यांना आवडला असावा. "रक्त आलं तर धुवायचं, पट्टी लावायची, मग बाळाला घ्यायचं. कोणाचंही रक्त असलं तरी हेच. यांच्या रक्तात विषाणू सापडत नाही, गोळ्या कधी चुकवत नाहीत. घाबरायचं कारण नाही. अजून?"

"उंटाचं काय?" मुलानं विचारलं. त्याला गंमत करायची होती, पण आवाज कापला. पडदेवालीनं त्याच्या पाठीवर धपाटा घातला आणि हात तिथंच ठेवला.

तेवढ्यात विहीणबाई शिंकल्या. एकदा, मग लगोलग पुन्हा, बाळाच्या दुपट्यावर.

"सर्दी कधीपासून आहे तुम्हाला?" ताईंनी विचारलं.

"दवाखान्यात धरली. किरकोळ आहे."

"मोठ्यांना किरकोळ. एवढ्याशा बाळाला नाही. बरं वाटेपर्यंत तुम्ही लांब राहा. या घरात बाळाला सध्या कोणापासून जपायचं असेल तर तुमच्यापासून."

आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी विहीणबाईंना वर्गाबाहेर काढलं होतं. नाकाला रुमाल लावून त्या व्हरांड्याच्या पार टोकाला जाऊन उभ्या राहिल्या.

सून उठली आणि बाळ पुढे केलं. "घ्या."

पडदेवालीनं हात पुढे केले. आणि मागे घेतले.

"काय झालं?"

"हात धुऊन येते."

"आत्ताच तर धुतलेत."

"परत धुते."

ती नळापाशी गेली. ज्या बाईनं इतकी वर्षं पान न् पान तळापासून वाचलं, सगळ्यांना सुनावलं, विहिणीला गप्प केलं, ती आता नळाखाली हात चोळत उभी होती, मनगटापर्यंत, कोपरापर्यंत, आणि नळ बंद करायला धजत नव्हती. मागे रांग लागली. कोणीतरी म्हणालं, "मावशी, पाणी सगळ्यांना लागतं." तेव्हा कुठं तिनं नळ फिरवला.

परत आली. सुनेनं बाळ तिच्या हातावर ठेवलं आणि आपले हात बाजूला केले.

बाळानं डोळे किलकिले केले, आजीला एकदा बघितलं आणि असं भोकाड पसरलं की गोळ्या वाटणारा खिडकीतून डोकावला.

"मान! मान धरा!" व्हरांड्याच्या टोकावरून विहीणबाई रुमालातून ओरडल्या.

"धरलीय!"

"डाव्या हातावर घ्या!"

"विहीणबाई, तिकडं तोंड करून बोला!"

बाळ थांबेना. लाथा झाडत होतं, दुपटं सुटत होतं, पडदेवालीचा पदर त्याच्या मुठीत अडकला होता. सून पुढे सरकली.

"द्या इकडे, आई. भूक लागली असेल."

"थांब गं," पडदेवाली म्हणाली. "आत्ताच तर घेतलंय."